गाढवाच्या पाठीवरचा इतिहास

परभणीहून गंगाखेडच्या वाटेला लागले म्हणजे पोखर्णी हे गाव येते. नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे नाव मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. रेल्वेच्या स्थानकानेही देवाचे नाव आपल्या नावाशी जोडून घेतले आहे. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो स्थानमाहात्म्याचा नव्हे, तर गावाच्या नावाचा. पोखर्णी हा शब्द कानी पडताच संस्कृतातील पुष्करिणी आठवते. पुष्करिणी म्हणजे खणून, बांधून काढलेले कमळांचे तळे. महाराष्ट्रात या नावाशी जुळणारी गावे ठिकठिकाणी आढळतात, आणि परभणी जिल्हा तर जुन्या बारवांविषयी प्रसिद्धच आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहावयास आता दूरदूरचे लोक येतात. पाहणाराच्या तोंडून प्रथम शिल्प्याची स्तुती निघते; थोडा अधिक जिज्ञासू असला तर बारव बांधविणाऱ्या राजाचे किंवा धनिकाचे नाव तो विचारतो. पण एवढ्या खोल खड्ड्यातून निघालेली माती वर कोणी आणली आणि कोठे नेऊन टाकली, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही.

तळी, विहिरी, बांध आणि कोटकिल्ले ज्या युगात माणसाच्या हातांनीच उभे राहात, त्या युगात माती, चुना, वाळू, विटा आणि दगड यांची वाहतूक हेच बांधकामातील सर्वांत मोठे काम असे. त्या कामाचा फार मोठा भाग दोघांच्या अंगावर पडे. एक डोक्यावर पाटी घेणारी बाई, आणि दुसरे पाठीवर गोण घेणारे गाढव. या दोघांचीही नावे शिलालेखांत सापडत नाहीत. बाईविषयी कधी तरी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. आजचा विषय गाढवाचा आहे.

गाढवाचे नाव काढताच सभ्य मंडळींच्या ओठांवर स्मित उमटते, आणि हाच खरा मुद्दा आहे. घोड्याला इतिहासाने सिंहासनाच्या शेजारी उभे केले, हत्तीवर अंबारी चढविली, बैलाचा तर वर्षातून एकदा पोळा साजरा होतो. गाढवाच्या वाट्याला मात्र म्हणी आल्या. त्याच्यापुढे वाचलेली गीता व्यर्थ, त्याला गुळाची चव ठाऊक नाही, आणि अडल्या हरीलाच त्याचे पाय धरावे लागतात! शाळेत ज्या मुलाला गणित येत नसे, त्यालाही याच प्राण्याचे नाव मिळे. ज्याने इतकी सेवा केली त्याला शिवीचे रूप यावे, असे काय घडले?

आरंभापासून ही स्थिती नव्हती. गाढव हा मूळचा आफ्रिकेचा प्राणी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाप्रमाणे इसवी सनापूर्वी सुमारे ५००० वर्षे, पूर्व आफ्रिकेत, माणसाने त्याला प्रथम माणसाळविले. म्हणजे घोड्याच्या कितीतरी अगोदर ते माणसाच्या दारी आले. आपल्याकडे कच्छच्या रणात त्याचा रानटी भाऊबंद घुडखर अद्यापि हिंडतो, पण तो कधीच ओझ्याला लागला नाही. वैदिक वाङ्मयात गाढवाला मान आहे. अश्विनीकुमारांच्या रथाला गाढवे जुंपलेली असत, आणि देवांच्या शर्यतीत तो रथ जिंकला, अशी कथा ऐतरेय ब्राह्मणात आली आहे. नवदुर्गांपैकी कालरात्रीचे आणि देवीच्या साथीच्या काळात जिची करुणा भाकली जाई त्या शीतलामातेचे वाहन गाढवच होय. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिवचनांत तर गाढवापासून तीन गुण घ्यावे असे सांगितले आहे: थकले तरी ओझे वाहावे, थंडी-उन्हाची पर्वा करू नये, आणि मिळेल त्यात समाधानाने हिंडावे. शहाण्या मंत्र्याने गाढवाला गुरू करावे, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याने राज्याचा जमाखर्च पाहिला आहे, त्याला कमी खाऊन अधिक काम करणाऱ्याची किंमत कळते.

मग अप्रतिष्ठा कोठून आली? तिचा एक पुरावा दगडावर कोरलेला आहे. शिलाहार आणि यादव यांच्या काळात कोकणात व घाटावर जमिनीची दाने दिली जात, आणि ते दान पुढच्या पिढ्यांनी मोडू नये म्हणून दगड उभारले जात. वरच्या बाजूस चंद्र-सूर्य, कारण ते आकाशात असेतोवर दान चालावयाचे, मध्ये लेख, आणि खाली एक स्त्री व एक गाढव यांचे असे चित्र की ज्याचे वर्णन घरातील सर्व मंडळींसमोर करता येत नाही. दान मोडणाऱ्याच्या मातेस उद्देशून दिलेली ती शिवी आहे. या दगडांना गधेगाळ म्हणतात. मुंबईत परळ येथे सापडलेला शिलाहार राजा अपरादित्य याचा शके ११०८ चा लेख अशाच प्रकारचा आहे. त्याची मुख्य भाषा संस्कृत. पण शापाचे वाक्य तेवढे लोकांना कळावे म्हणून मराठीत! आपल्या भाषेच्या अत्यंत जुन्या लिखित वाक्यांपैकी एक गाढवाची शिवी असावी, ही गोष्ट भाषाभिमान्यांना रुचणारी नाही. परंतु इतिहासाला रुची-अरुची नसते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, राजाला ज्या वेळी प्रजेच्या मनात खरोखरी भीती उत्पन्न करावयाची होती, त्या वेळी त्याला वाघ-सिंह आठवला नाही. त्याने गावात सर्वांना रोज दिसणारा प्राणी निवडला. गधेगाळीचा दगड याचाच अर्थ असा की बाराव्या शतकात गाढव घरोघरच्या अनुभवात होते, आणि ते नीच मानले जाऊ लागले होते.

दुसरा पुरावा नांगराचा. शत्रूचे नगर जिंकल्यावर तेथे पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून त्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरविण्याची चाल या देशात फार जुनी आहे. ओरिसातील हाथीगुंफेच्या लेखात कलिंगराजा खारवेल याने पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरविले, असा उल्लेख आहे. तो लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्राला या चालीची आठवण आहे ती पुण्यामुळे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, वस्ती उठविली, पांढरीवर गाढवाचा नांगर फिरविला आणि पहार ठोकली, असे जुनी टिपणे सांगतात. पुढे जिजाबाई बाल शिवाजीसह पुण्यास आल्या, दादोजी कोंडदेवांनी घरे वसविली, आणि त्याच भूमीत सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला, अशी परंपरा आहे. ही कथा शाळेतील प्रत्येक मुलास सांगितली जाते. तीत सोन्याच्या फाळाचे महत्त्व आहेच. पण नीट पाहता शाप देणारे गाढव नव्हते, ते जुंपणारा सरदार होता. गाढवाने त्या दिवशीही नेहमीचेच काम केले. आणि जे पुणे पुन्हा उभे राहिले, त्याच्या वाड्यांना लागलेली माती व विटा कोणाच्या पाठीवरून आल्या असतील, हे सांगावयास बखरीची आवश्यकता नाही.

या दोन पुराव्यांच्या समोर एक तिसरी कथा ठेवली पाहिजे, आणि ती गोदातीरची आहे. पैठणचे एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरास निघाले असता वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी देवाला वाहावयाचे ते पाणी त्याच्या तोंडात घातले. सोबतच्या मंडळींनी विचारले, आता रामेश्वराला काय वाहणार? ज्याला वाहावयाचे त्याला पोचले, अशा आशयाचे उत्तर नाथांनी दिले म्हणतात. कीर्तनकार ही कथा भूतदयेसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण नाथांना वाटेत गाय भेटली असती, तर कथेत अर्थ राहिला नसता. सोळाव्या शतकातील श्रोत्यांच्या मनात गाढवाचे स्थान किती खाली गेले होते, हे त्या कथेवरूनच मोजता येते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मालवाहतुकीचा जुना मराठी इतिहास म्हटला म्हणजे प्रथम वंजारी-लमाणांचे तांडे डोळ्यांपुढे येतात. धान्य आणि मीठ लादलेले हजारो बैल देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना एकाच तांड्यात १४००० बैल भेटले. १८०३ साली असईच्या रणावर लढणाऱ्या वेलस्लीच्या फौजेचे पोटही या तांड्यांच्याच धान्यावर अवलंबून होते. आणि असई हे गाव मराठवाड्यातलेच. लांबच्या मजलेला बैल सोयीचा. तो गाढवापेक्षा अधिक ओझे उचलतो, वाटेने चरतो, आणि मुक्कामी पोचल्यावर कुणबी तो नांगरासाठी विकतही घेतो. गाढवाचे तसे नाही. त्याला विकत घेणारा ठरावीक, त्याला हात लावण्याची अनेक घरांत चोरी. म्हणून लांब पल्ल्याचा व्यापार बैलाकडे गेला आणि जवळचे, रोजचे, न संपणारे काम गाढवाकडे आले. कुंभाराची माती, परटाचे कपडे, वडाराचा मुरूम आणि दगड, बेलदाराचा चुना, कैकाड्यांच्या टोपल्या, सर्व त्याच्या पाठीवर.

या कामाला ते इतके लायक का, हेही पाहण्यासारखे आहे. गावरान गाढव उंचीला लहान. पण ५०-६० किलोंची गोण घेऊन ते दिवसभर ये-जा करू शकते. खूर अरुंद आणि कठीण, त्यामुळे जेथे गाडीचे चाक जात नाही आणि बैल घसरतो, अशा खडकाळ वाटेने ते न चुकता जाते. अंगातील पाणी बरेच कमी झाले तरी ते तग धरते, आणि पाणी मिळाले की थोड्याच वेळात ती तूट भरून काढते. कडबा नसेल तर काट्याकुट्यांवर आणि वाळल्या गवतावर भागते. एकदा वाट दाखविली म्हणजे पुढच्या खेपेला हाकणारा लागत नाही. खाणीपासून भट्टीपर्यंत गाढवे आपली आपण जातात आणि रिकामी होऊन परत येतात. आणि त्याच्या हट्टाविषयी बोलावयाचे तर, घोडा भ्यायला म्हणजे उधळतो, गाढव भ्यायले म्हणजे जागच्या जागी उभे राहते. पुढे धोका आहे की नाही याची खात्री होईपर्यंत ते पाऊल उचलीत नाही. कड्याच्या वाटेवर ही खोड नसून मोठाच गुण आहे. पण ज्याच्या हातात काठी असते, त्याला हा भेद समजावून सांगणे कठीण.

येथे थोडे सातासमुद्रांपलीकडे गेले पाहिजे. कारण याच प्राण्याने अमेरिकेच्या पश्चिम भागाचा इतिहास घडविण्यास हातभार लावला, आणि तेथे त्याची कीर्ती अगदी निराळ्या रीतीने झाली. गाढव अमेरिकेत मूळचे नव्हे. स्पेनच्या लोकांनी ते जहाजांतून तेथे नेले. स्पॅनिश भाषेत गाढवाला बुरो म्हणतात आणि तेच नाव तेथे रूढ झाले. मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींतून ते उत्तरेकडे सरकले. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, १८५९ साली नेव्हाडात चांदीचा मोठा साठा हाती लागला, आणि त्यानंतर पन्नास वर्षे हजारो माणसे कुदळ, फावडे, तवा, पिठाची पिशवी आणि पाण्याचे पिंप घेऊन ओसाड डोंगरांत खनिज शोधीत हिंडली. हे सामान वाहात होते ते गाढव. त्या वाळवंटात घोडा दाण्यावाचून मेला असता. गाढव झुडपे खाऊन जगले. एका माणसाला एक गाढव, आणि दोघांना मिळून एक वाट! कित्येक महिने त्या माणसाला बोलावयास दुसरे कोणी नसे.

यातून दंतकथा निघाल्या, आणि त्यांतील एक तर न्यायालयाच्या दप्तरी गेली. १८८५ साली आयडाहो प्रांतात नोआ केलॉग नावाचा सुतारकाम करणारा माणूस उसनवारीचा शिधा आणि उसनवारीचेच गाढव घेऊन डोंगरात गेला. गाढव चुकले, ते सापडले तेव्हा ते शिशाच्या व चांदीच्या चकाकणाऱ्या खडकाजवळ उभे होते, असे सांगतात. बंकर हिल ही प्रसिद्ध खाण ती हीच. शिधा व गाढव पुरविणाऱ्या दोघांनी आपला वाटा मागितला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि न्यायाधीश बक यांनी खाणीचा शोध लावणारांमध्ये गाढवाचीही गणना केली. मालकांना वाटा मिळाला. गावाला मात्र नाव मिळाले केलॉगचे. इतका कृतज्ञपणा कोणत्याच देशात नसतो की गावाला गाढवाचे नाव द्यावे. पुढे १९०० साली नेव्हाडात जिम बटलर याचे गाढव असेच रात्री भटकले, आणि त्याला शोधताना टोनोपाचा चांदीचा दगड सापडला, अशी कथा आहे. दोन्ही कथांत तिखटमीठ किती, हे कोणी सांगावे? पण तिखटमीठ लावावयाचे तेही गाढवाच्या बाजूने लावले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या देशाच्या पहिल्या अध्यक्षालाही गाढवाची किंमत ठाऊक होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७८५ साली स्पेनच्या राजाने एक उत्तम नर गाढव भेट म्हणून पाठविले, आणि त्याच्यापासून त्यांनी आपल्या शेतावर खेचरांची पैदास सुरू केली. गाढव आणि घोडी यांची संतती ती खेचर. १८८३ पासून पाच-सहा वर्षे डेथ व्हॅली नामक भयंकर खोऱ्यातून टाकणखाराच्या अवजड गाड्या १६५ मैल ओढून रेल्वेपर्यंत नेल्या त्या या खेचरांनीच.

परंतु गाढवाचा उपयोग संपल्यावर तेथेही त्याचे दिवस फिरले. रेल्वे आली, मोटार आली, खाणी ओस पडल्या, आणि मालकांनी गाढवे सोडून दिली. ती रानटी झाली, वाढली. मग ती झरे घाण करतात, रानमेंढ्यांचा चारा खातात, अशा तक्रारी होऊ लागल्या. ग्रँड कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानात १९२४ पासून १९६९ पर्यंत दोन हजारांहून अधिक गाढवे मारून किंवा अन्य रीतीने हलविली गेली. शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये रानटी घोडे आणि गाढवे यांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि पश्चिमेच्या इतिहासाचे ते जिवंत प्रतीक आहेत, असे त्यात लिहिले गेले. राष्ट्राच्या कायद्यात गाढवाला इतिहासाचे प्रतीक म्हणावे, ही गोष्ट गधेगाळीच्या देशातील माणसाला विचारात पाडणारी आहे.

हा भेद कशामुळे पडला? अमेरिकन लोक स्वभावाने अधिक दयाळू आहेत, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी रानगव्यांचे काय केले, हे जगाला माहीत आहे. कारण दुसरीकडे शोधावे लागते. तेथे गाढवाबरोबर चालणारा माणूस आपल्याच नशिबासाठी चालत होता, आणि खाण सापडली तर तो धनिक होऊन गावात परत येई. त्याची गोष्ट ऐकावयास लोक उत्सुक असत. त्याच्या गोष्टीत गाढवालाही जागा मिळाली. येथे गाढवाबरोबर चालणारा माणूस दुसऱ्याच्या तळ्यासाठी, दुसऱ्याच्या वाड्यासाठी माती वाहात होता. तळे भरले की त्याने पाल उचलावयाचे. त्याला गावात घर नव्हते, शेत नव्हते, लिहिता येत नव्हते. गाढवाची अप्रतिष्ठा आणि त्याच्या धन्याची अप्रतिष्ठा एकच होती. एकीवरून दुसरी आली, की दुसरीवरून पहिली, हे सांगणेही सोपे नाही. गुन्हेगाराची धिंड गाढवावरून काढीत, त्यात हाच हिशेब होता. ज्या पाठीवर एरवी कोणाचे बिऱ्हाड असे, तीच पाठ भरल्या गावात कलंकाचे आसन होत असे.

इंग्रजी अमलात या अप्रतिष्ठेला कायद्याचे शिक्के बसले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ साली तो अधिक विस्तृत करण्यात आला, आणि भटकून पोट भरणाऱ्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. कैकाड्यांसारख्या जमातींची कुटुंबे सोलापुरात काटेरी तारांच्या आत ठेवण्यात आली. एका ठिकाणी न राहणे हाच मुळी संशयाला पुरेसा आधार. रेल्वेने तांड्यांचा व्यापार बुडविला होता, आणि आता हिंडण्यालाही बंदी आली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. त्या जगाचे वर्णन त्या जगातल्याच माणसाने प्रथम मोठ्या प्रमाणावर वाचकांपुढे ठेवले ते १९८० साली, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या आत्मकथनात. गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती हकीकत आहे, आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवाच्या पाठीवरचा मराठी इतिहास लिहिला जावयास गधेगाळीनंतर जवळजवळ आठशे वर्षे लागली.

या मंडळींच्या स्वतःच्या जगात मात्र गाढवाची किंमत कधीच कमी नव्हती. ती पाहावयाची असेल तर पौष पौर्णिमेला जेजुरीस गेले पाहिजे. खंडोबाच्या यात्रेबरोबर बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, वैदू असे लोक दूरदूरहून येतात. व्यापारी सौराष्ट्रातूनही गाढवे आणतात. काठेवाडी गाढव उंच आणि दणकट, म्हणून त्याला गावरानाहून अधिक मोल येते. किंमत ठरते ती दातांवरून. दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे ते चौवान. गिऱ्हाईक तोंड उघडून दात पाहते, पाय चाचपते, पाठीवर जुन्या जखमेचे वळ आहेत का ते तपासते. घोड्याच्या सौद्यात जो डौल असतो तो येथे नसतो, पण बारकावा तोच. असाच बाजार मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत भरतो. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. तेथल्या गडाच्या बांधकामाला या जमातींचे हात लागले, अशी परंपरा ते अभिमानाने सांगतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर गाढवेही येतात, आणि परभणीकडच्या लोकांना तो बाजार जवळचा.

हे बाजार आता आटत चालले आहेत. माती उचलावयास यंत्रे आली, मुरूम वाहावयास ट्रॅक्टर आले, परटाच्या घरी कपडे धुण्याची यंत्रे आणि दारात दुचाकी उभी राहिली. देशातील पशुगणनेचे आकडे बोलके आहेत: २०१२ साली भारतात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती, २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. सात वर्षांत शंभरांतील साठांहून अधिक नाहीशी झाली. इतक्या झपाट्याने दुसरा कोणताही पाळीव प्राणी कमी झालेला नाही. यंत्रे हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक विषण्ण करणारे आहे. चीनमध्ये गाढवाचे कातडे उकळून एक औषधी सरस तयार करतात, आणि त्यासाठी जगभर गाढवांची कत्तल चालली आहे. ज्या आफ्रिकेने हा प्राणी जगाला दिला, तेथील राष्ट्रांच्या संघाने अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यासाठी गाढवे मारण्यावर १५ वर्षांची बंदी घातली. आपल्याकडे कायद्याने गाढव हे खाद्य पशूंत मोडत नाही. तरी आंध्रात मांसासाठी त्याची चोरटी कत्तल होते, आणि गाढवे चोरीला गेल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातील गरीब मालकांना कराव्या लागतात. ज्याचे सारे भांडवल चार गाढवे, त्याची एका रात्रीत तीन गेली म्हणजे काय होते, याचा विचार पोलीस ठाण्यात फार गंभीरपणे होतोच असे नाही. गाढव हरवले म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला प्रथम हसू सोसावे लागते.

सौराष्ट्रातील पांढऱ्या हलारी गाढवांची जात आता शासनाने नोंदविली आहे, तिच्या दुधाला औषधी आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी मागणी येत आहे, आणि तिचे जतन करण्याचे प्रयत्न चालू आहेत. गावरान गाढवाच्या वाट्याला अद्यापि वीटभट्टीच आहे. तेथे ते पहाटेपासून कच्च्या विटा वाहते. ज्या गडांवर मोटार चढत नाही, तेथील तटाची दुरुस्ती निघाली म्हणजे वाळू, चुना आणि पाणी घेऊन तेच वर जाते. पायथ्याला गोण भरली जाते, म्हातारे गाढव पुढे होते, बाकीची त्याच्या मागे. आणि पर्यटक बाजूला सरून वाट देतात, कारण वाट अरुंद असते आणि गाढव थांबत नाही.